विमलाबाईंचं ‘ॲज यू वेअर’

विमलाबाई गांगुर्डे निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात जो उठला तो त्यांच्या दहावीच्या निकालावर बोलला. इंग्रजीत नापास होणारी पोरं बाईंनी कशी काठावरून ओढून पास केली, वगैरे. मुख्याध्यापक बोलले, संस्थेचे चिटणीस बोलले, शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटले. मला कोणी बोलायला सांगितलं नाही, कारण मी सुरू झालो की थांबत नाही अशी माझी ख्याती आहे. पण निकालाचं कौतुक ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. निकाल काय, गाइडं पाठ करूनही लागतो. मला बाईंच्या लाल शाईच्या एका रेघेबद्दल सांगायचं होतं. ते तिथं राहिलं, म्हणून आता सांगतो.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. शाळा मखमलाबादच्या रस्त्याला, आजूबाजूला सगळे मळे. मेथी, कोथिंबीर, गुलाब, झेंडू. पोरं पहाटे जुड्या बांधून शाळेत यायची, त्यामुळे पहिल्या तासाला वर्गात कोथिंबिरीचा वास असायचा आणि शेवटच्या बाकावर दोघं-तिघं पेंगत असायची. बाई मात्र देवळाली कॅम्पातून यायच्या, दोन बस बदलून, आणि एक दिवस उशीर नाही. त्यांचे वडील कॅम्पात फौजींचे गणवेश शिवायचे. लहानपण सगळं परेडच्या मैदानाशेजारी गेलेलं. त्यामुळे बाईंचं इंग्रजी पुस्तकातलं कमी आणि मैदानातलं जास्त. वर्गात शिरल्या की ‘अटेन्शन!’ वह्या काढायच्या तर ‘फॉल इन!’ पोरं खूश असायची. शेजारच्या वर्गात मी एखादी हळवी कविता शिकवायला घ्यावी आणि भिंतीपलीकडून ‘स्टँड ॲट ईज!’ यावं, असं कितीदा झालं असेल. मी चिडायचो. बाई हसायच्या.

त्यांचा सगळ्यात लाडका हुकूम म्हणजे ‘ॲज यू वेअर’. परेडवर चुकीचा हुकूम सुटला की हवालदार ‘जैसे थे’ ओरडतो आणि सगळी रांग होती तशी उभी राहते. बाई त्याचं इंग्रजी वापरायच्या. फळ्यावर स्पेलिंग चुकलं, की स्वतःच म्हणायच्या, ‘ॲज यू वेअर,’ आणि पुसायच्या. एखाद्या पोराचं बरोबर वाक्य घाईत चूक म्हणून खोडलं, तर त्याच्या शेजारी लाल शाईनं ठळक अक्षरात ‘ॲज यू वेअर’ लिहायच्या. म्हणजे माझी रेघ रद्द, तुझंच बरोबर. स्वतःची चूक लाल शाईत लिहून पोराच्या हातात देणारा दुसरा शिक्षक मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. माझ्यासकट.

बाईंनी शनिवारची एक पद्धत पाडली होती. नववीला बोर्डाच्या धर्तीवर मुद्द्यांवरून गोष्ट लिहायला यायची. म्हातारा, चार मुलगे, भांडण, उपदेश. पोरं ती गाइडातून पाठ करायची. बाईंना त्याचा उबग यायचा. त्या म्हणायच्या, ‘तो म्हातारा वर्षानुवर्षं मरतोय, त्याला एकदा सोडा. तुमच्या घरात काय झालं ते लिहा.’ मग शनिवारी सकाळच्या शाळेत एकेकानं पुढं यायचं आणि स्वतःच्या घरची गोष्ट इंग्रजीत वाचायची. व्हरांड्यातून जाताना मी खिडकीशी थांबायचो. कबूल करायला हरकत नाही, मजा यायची.

गोष्ट म्हटली की पोरांना ‘वन्स अपॉन अ टाइम’ लागायचंच. एकानं सुरुवात केली होती, ‘वन्स अपॉन अ टाइम यस्टरडे अवर बफेलो रॅन.’ आणि शेवटी मॉरल. बोर्डाला मॉरल लागतं, म्हणून घरच्या गोष्टीलाही मॉरल. म्हशीच्या गोष्टीचं मॉरल होतं, ‘टाय युवर बफेलो.’ बाईंनी त्याला पाठीवर थाप दिली आणि म्हणाल्या की ह्यापेक्षा खरं मॉरल मी आजवर ऐकलेलं नाही.

पण एका गोष्टीवर बाईंची लाल शाई दर शनिवारी आटायची. वडिलांवर. ‘माय फादर आर इन द फील्ड. दे आर व्हेरी अँग्री.’ सगळ्या वर्गाचे वडील ‘दे’. बाई खोडून ‘ही’ करायच्या. पुढच्या शनिवारी वडील पुन्हा ‘दे’. आईचं काही अडायचं नाही. आईला घरोघर ‘ती’च म्हणतात, ‘शी’ तिला मुकाट्यानं बसायचं. फक्त ‘शी’ म्हणताना पोरं खिदळायची. वडिलांना ‘ही’ लिहिताना मात्र हात थांबायचा. ‘ही’ म्हणजे तो. बापाला तो म्हणायचं? घरी कळलं तर?

समाधान खोडे नावाचा एक वकिली डोक्याचा मुलगा होता. तो एकदा उभा राहिला. ‘बाई, यू एकटा असला तरी वेअर लावता ना?’

‘लावते.’

‘तुम्ही ॲज यू वेअर म्हणता, तेव्हा समोर मी एकटाच असतो. तरी वेअर.’

‘बरं मग?’

‘मग माझ्यासारख्या पोराला वेअर आन माझ्या बापाला वॉज? हे काय बरोबर नाय बाई.’

खिडकीबाहेर मी टाळी वाजवायचाच बाकी होतो. माझं मत पहिल्यापासून होतंच, की इंग्रजी ही उद्धट भाषा आहे. पण बाई काही हरल्या नाहीत. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी तुमच्याएवढी होते ना, तेव्हा मी पण ‘दे’च लिहायचे. मास्तरांनी खोडलं. घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, की इंग्रजीत तुम्हाला तो म्हणतात. बाबा मशिनवर होते. त्यांनी विचारलं, कर्नलसाहेबाला काय म्हणतात? म्हटलं, त्यांना पण ‘ही’च. बाबांनी मशिन थांबवलं. म्हणाले, साहेब पण ‘ही’ आन शिंपी पण ‘ही’? मग भाषा चांगली आहे. शीक.’

त्यानंतर ‘दे’ थोडे कमी झाले, पण गेले नाहीत. बाई खोडत राहिल्या आणि मळ्यातले बाप ‘दे’च राहिले.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर नववीत छायाची पाळी आली. छाया काळीसावळी, हाडं काटक, बोलायला तुटक. तिची आई चिमणाबाई गंगेवर, नदीकाठच्या बाजारात, भाजी घेऊन बसायची. छाया पुढं आली, कागद धरला आणि एका दमात वाचत गेली. तिच्या गोष्टीत ‘वन्स अपॉन अ टाइम’ नव्हतं. मी खिडकीत होतो. इंग्रजी इतकं सोपं आणि सरळ होतं, की माझ्यासारख्यालाही शब्द न् शब्द समजला. माझा बाप शेतात होता. पाण्यासाठी काकाशी भांडला. घर सोडून गेला. पिंपळगावला राहिला. चार वर्षं राहिला. दर वर्षी द्राक्षांची एक पेटी पाठवली. आम्ही खाल्ली नाही. आता तो आमच्या घरात आहे. तो चहा मागतो. मी चहा देते.

संपलं. मॉरल नाही.

बाईंनी कागद घेऊन त्यावर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘अटेन्शन! सगळ्यांनी बघा. अख्ख्या गोष्टीत एकही ‘ही’ चुकलं नाही. एकसुद्धा ‘दे’ नाही. असं लिहायचं. टाळ्या!’

टाळ्या पडल्या. छाया खाली मान घालून उभी. टाळ्या थांबल्यावर समाधान, जो तिच्या शेजारच्याच मळ्यात राहायचा, अगदी भाबडेपणानं म्हणाला, ‘बाई, तिचं कसं चुकंल? ती घरात पण त्याला तोच म्हनती.’

बाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि गठ्ठ्यात ठेवला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, डबा उघडला नाही. म्हणाल्या, ‘काकडसर, पोरीचा बाप तिच्या मनातून उतरलाय आणि मी व्याकरणाला शाबासकी दिली हो. टाळ्या वाजवायला लावल्या.’

मला खोचक बोलायची खोड आहे, पण त्या दिवशी मी माझा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

प्रकरण आम्हाला थोडंफार ठाऊक होतं. छायाचा बाप मोतीराम आणि त्याचा थोरला भाऊ रंगनाथ, दोघांची विहीर सामाईक. पाण्याची पाळी ठरलेली. एकदा पाळीवरून शब्दाला शब्द लागला आणि मोतीराम ‘आता तोंड दाखवणार नाय’ म्हणून निघाला तो पिंपळगाव बसवंतला गेला. तिथं द्राक्षांच्या शीतगृहात कामाला लागला. दुसरा संसार नाही, दारू नाही, काही नाही. नुसता रुसून बसला. बरं, परमुलखात म्हणावं तर तेही नाही. तासाभराच्या रस्त्यावर. मखमलाबादला येणारा टेम्पो दिसला की द्राक्षांची पेटी त्यात टाकायचा, पण स्वतः त्या टेम्पोत बसायचा नाही. असल्या माणसाला काय म्हणावं? मी तरी गाढव म्हणेन. तेवढ्यात रंगनाथनं त्याची पाळीही आपल्याकडे ओढून घेतली, आणि चिमणाबाई उरल्यासुरल्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर काढत राहिली. ह्या दिवाळीला मोतीराम एक पिशवी घेऊन परत आला. बायकोनं घरात घेतला. मुलीनं नाही. रुसायचं बाळकडू बापाचंच होतं, ते आता त्याच्यावर उलटलं होतं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटताना मोतीराम आमच्या खोलीच्या दाराशी आला. टोपी हातात, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. ‘छायाचा बाप हाय मी,’ म्हणाला. बाईंनी खुर्ची दिली तर टोकावर बसला.

‘पोरीनं माझ्यावर इंग्लिश गोष्ट लिव्हली म्हनं. खोड्याचा समाधान सांगत व्हता. टाळ्या पडल्या म्हनं.’

‘हो, पडल्या,’ बाई म्हणाल्या.

‘मला ऐकवता का? माझ्याशी ती बोलत नाय. च्याचा कप ठिवती आन जाती. आईला सांगती, त्याला दे म्हनून. मी समोर आसतो तरी त्याला दे. पयले मला दादा म्हनायची. दादा, तुमी आसं.’

बाईंनी गठ्ठ्यातून कागद काढला. आधी इंग्रजीत वाचलं. मोतीराम मान हलवत ऐकत होता, एक अक्षर कळत नव्हतं तरी. मग बाई मराठीत सांगू लागल्या आणि मी तपासायच्या वह्या खाली ठेवल्या.

‘माझे वडील शेतात होते. पाण्यावरून ते काकांशी भांडले. ते घर सोडून गेले. ते पिंपळगावला चार वर्षं राहिले. दर वर्षी त्यांनी आम्हाला द्राक्षांची पेटी पाठवली. आता ते आमच्या घरात आहेत. ते चहा मागतात. मी चहा देते.’

मोतीरामनं मान वर केली. ‘ते? आसं लिव्हलंय तिनं?’

‘ही लिहिलंय,’ बाई म्हणाल्या. ‘ही म्हणजे ते.’

मोतीरामनं टोपीनं डोळे पुसले, बाईंच्या पाया पडायला वाकला, बाई मागं सरकल्या, आणि तो गेला. तो गेल्यावर मी बाईंकडे बघितलं. द्राक्षांचं ‘आम्ही खाल्ली नाही’ हे वाक्य त्यांनी सरळ गिळलं होतं. आणि मुलीच्या ‘तो’चं ‘ते’ करून टाकलं होतं.

‘भाषांतर म्हणतात ह्याला?’ मी म्हटलं.

‘इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे.’

‘कागदावर एक आहे. पोरीच्या मनात कुठला आहे ते तुम्हाला माहीत होतं.’

बाई पिशवी उचलून बस धरायला गेल्या.

सोमवारी प्रार्थना संपते न संपते तोच छाया आमच्या खोलीत. रागानं लाल झालेली. आत यायची परवानगीसुद्धा मागितली नाही.

‘बाई, तुम्ही माझी गोष्ट बदलली.’

खोलीत आणखी शिक्षक होते. एकानं ‘काय बोलतेस?’ म्हणून दरडावलं, बाईंनी त्याला हातानं थांबवलं.

‘घरी येऊन सांगतो, तू मला ते म्हनलीस. हसतो. मी नाही म्हटलं. मी तो लिहिलंय. आणि आम्ही द्राक्षं खाल्ली नाही, ते सांगितलंच नाही तुम्ही. मी किती वेळ विचार करून ते लिहिलं होतं.’

मला वाटलं, आता बाई मोठ्या माणसाचा मान, बापाची माया, असलं काहीतरी सुनावतील. शिक्षकाला ते सोपं असतं. बाई उठून उभ्या राहिल्या. परेडवर राहतात तशा, सरळ.

‘तुझं बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ॲज यू वेअर. गोष्ट तुझी आहे, मला बदलायचा अधिकार नव्हता. मी त्यांना शनिवारी बोलावते. तू स्वतः वाच, आणि मराठीत तूच सांग. तुझ्या मनात जो शब्द असेल तो सांग. मी मध्ये बोलणार नाही.’

छायाला हे अपेक्षित नव्हतं. ती भांडायला आली होती, आणि तिच्या हातात भलतंच काहीतरी पडलं होतं. कागदावर ‘तो’ लिहिणं वेगळं, कारण इंग्रजीत ते झाकून राहतं. समोर बसलेल्या बापाला तोंडावर ‘तो’ म्हणणं वेगळं. आणि ‘ते’ म्हणणं तर तिच्या जिवावर येणारं. आठवडाभर ती वर्गात कुणाशी धड बोलली नाही. माझ्या तासाला लक्ष नव्हतं. मी रागावलो नाही, तेवढी अक्कल मलाही आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मोतीराम आला, तसाच खुर्चीच्या टोकावर बसला. छाया समोर उभी. बाई खिडकीशी, हात मागं बांधून. मी जायला निघालो तर बाईंनी ‘बसा’ म्हणून खूण केली.

छायानं इंग्रजी वाचलं. घडाघडा. मग कागद खाली केला. ‘माझा...’ म्हणाली आणि थांबली. मोतीराम तिच्या तोंडाकडे बघत होता. तिनं पुन्हा सुरू केलं.

‘शेतात पाणी भरणं चालू होतं. पाळीवरून काकांशी भांडण झालं. घर सोडलं. पिंपळगाव गाठलं. तिथं चार वर्षं काढली. दर वर्षी द्राक्षांची पेटी पाठवली.’

मी खुर्चीत सावरून बसलो. पोरीनं वाट काढली होती! घर सोडलं, वर्षं काढली, पेटी पाठवली. कुणी सोडलं, कुणी काढली, सांगायलाच नको. कर्ता गाळायचा आणि क्रियापद कर्माच्या मागं सोडून द्यायचं. तोही नाही आणि तेही नाही. हा कर्मणी प्रयोग मी त्यांना ऑगस्टमध्ये शिकवला होता आणि सगळा वर्ग जांभया देत होता. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की मराठी अडल्यावेळी कामाला येते, पण ती अशी कामाला येताना पहिल्यांदाच बघत होतो.

‘आम्ही द्राक्षं खाल्ली नाही,’ छाया म्हणाली. हे वाक्य तिनं जोरात म्हटलं.

मोतीरामचा चेहरा उतरला. ‘एकबी मणी नाय?’

‘म्हशीला घातली.’

‘चारी वर्सं?’

‘चारी.’

तो म्हणाला, ‘म्हस तरी खूश झाली आसंल.’ कुणी हसलं नाही. छायाच्या ओठाचा कोपरा मात्र हलला, मी पाहिला.

आता शेवटचं राहिलं होतं, आणि तिथं वाट नव्हती. घर सोडलं म्हणता येतं, पण घरात असण्याला कर्म नाही. आहे म्हणावं लागतं नाहीतर आहेत.

‘आता घरात...’ छाया म्हणाली. पुढं शब्द निघेना. तिनं कागदाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. बाई हलल्या नाहीत, बोलणार नाही म्हणाल्या होत्या तशा बोलल्या नाहीत. ‘आता घरात...’ ती पुन्हा म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी आलं.

‘हाय,’ मोतीराम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीवरून उठला होता.

‘मी हाय, छाये. घरात हाय. आन आता जानार नाय. तू काय बी म्हन. तो म्हन, नायतर काय म्हनूच नको. मी हाय.’

छायानं बाहीनं नाक पुसलं. मग पुटपुटली, ‘चहा मागितला की देते.’ कागदाची घडी घातली, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि दप्तर घेऊन चालू लागली. मोतीराम तिच्या मागून, चार हात अंतर ठेवून, चपला पायात सरकवत गेला. बाई खिडकीतून दोघं वळणापर्यंत जाईस्तोवर बघत होत्या. मला वाटलं रडतील, पण त्यांनी रुमालानं नुसता चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तुमची मराठी बरीच लबाड आहे की.’

त्या आठवड्यात छाया ‘दादा’ म्हणायला लागली, असं काही झालं नाही. अशी पोरं इतक्या लवकर विरघळत नाहीत. पण बातम्या समाधानकडून मिळत राहिल्या. ‘त्याला दे’ बंद झालं होतं. त्याच्या जागी, ‘चहा ठेवलाय.’ ‘जेवण वाढलंय.’ ‘पंप चालू करायचा का?’ बापाशी थेट बोलणं सुरू, पण ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही. सगळा हिवाळा त्या घरात माझा प्रयोग चालला. बाई मला रोज विचारायच्या, ‘तुमच्या कर्मणीचं काय?’ आम्ही दोघं पहिल्यांदाच एका विषयावर बोलत होतो.

मार्चमध्ये उन्हं तापली आणि विहिरीचं पाणी खाली गेलं. चिमणाबाईची कोथिंबीर माना टाकायला लागली. मोतीराम दिवाळीला परत आला होता, तरी आपली पाळी मागायला भावाच्या दारात गेला नव्हता. तोंड दाखवणार नाही म्हणाला होता ना. शेजारीपाजारी म्हणत, वाळवेल कोथिंबीर पण जाणार नाही. मलाही तसंच वाटायचं. मग एका शनिवारी, नववीचा तो शेवटचाच शनिवार, बाई गोष्टींचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचा चेहरा असा, की मला आधी वाटलं काही वाईट घडलंय. त्यांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. छायाचा.

गोष्ट अशी होती, की सकाळी दादा उठले, आंघोळ केली, टोपी घातली आणि रंगनाथकाकाच्या दारात गेले. छाया कुंपणाआडून बघत होती. काकांनी आत या म्हटलं, पण ते आत गेले नाहीत. ते बाहेरच उभे राहिले, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, आमची पाळी द्या. माझी म्हणाले नाहीत. पोरीनं ते ‘अवर’ खाली रेघ मारून लिहिलं होतं. काका म्हणाले, मंगळवारी आणि शुक्रवारी घ्या. संध्याकाळी कोथिंबिरीला पाणी गेलं.

आणि सगळ्या गोष्टीत वडील ‘दे’ होते. ‘माय दादा वेअर इन द हाउस. दे वॉश्ड. दे वेंट. दे स्टूड आउटसाइड.’ ज्या पोरीचं अख्ख्या वर्गात एकदाही ‘ही’ चुकलं नव्हतं, तिनं ओळीत सगळीकडे तेवढं एकच चुकवलं होतं. बाकी एक स्पेलिंग इकडचं तिकडं नाही.

पहिल्या ‘दे’वर बाईंची लाल रेघ होती. हात सवयीनं चालला असणार, इतकी वर्षं तेच करत होत्या. रेघ अर्ध्यातच थांबलेली दिसत होती. आणि शेजारी समासात, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात, लाल शाईनं लिहिलं होतं, ‘ॲज यू वेअर.’

मी कागद दोनदा वाचला. खोचक काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, ‘बोर्डात चूक धरतील.’

‘धरू देत,’ बाई म्हणाल्या. ‘दहावीत शिकवीन. आता नाही.’ मग त्यांनी हनुवटी वर केली. ‘तुम्ही फार भाषांतराचे जाणकार ना? करा बघू ह्याचं मराठी.’

मी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. ‘माझे दादा घरात होते. ते काकांच्या दारात गेले. ते बाहेर उभे राहिले.’ शेवटपर्यंत वाचलं आणि कुठंही अडलो नाही, कारण पोरीनं माझ्यासाठी निवडायला काही ठेवलंच नव्हतं. घंटा झाली तशी बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला आणि तो परत द्यायला वर्गाकडे निघाल्या.